बालवाचनातील अधिकारभेद

१

जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याचा परिपाठ होता. विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट केल्यावाचून ग्रंथकार पुढे जात नसे. त्यांपैकी 'अधिकारी' हा शब्द अर्वाचीन साहित्यसमीक्षेने जवळजवळ टाकून दिला आहे. ग्रंथ कोणासाठी, हा प्रश्न विचारणे म्हणजे कलाकृतीच्या स्वायत्ततेवर आक्रमण करणे, अशी एक समजूत रूढ झाली. प्रौढ वाङ्मयाच्या बाबतीत ही समजूत काही अंशी उपकारकही ठरली असेल. परंतु बालवाङ्मयाच्या बाबतीत तिचा परिणाम असा झाला की, पहिली ते पाचवीच्या मुलाने कोणते पुस्तक वाचावे, ते त्याला कसे निवडता यावे आणि कोणते पुस्तक त्याला झेपेल, हे सारे प्रश्न शिक्षक, प्रकाशक आणि ग्रंथपाल यांच्या हवाली करून समीक्षक निश्चिंत झाला. हे प्रश्न अध्यापनाच्या तंत्राचे आहेत, वाङ्मयाचे नव्हेत, असे त्याने गृहीत धरले. हे गृहीत तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

वस्तुतः भारतीय परंपरेत हा प्रश्न प्रारंभापासून वाङ्मयाचाच होता. पंचतंत्राची चौकट येथे आठवावी. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात प्रवीण करण्याचे विष्णुशर्म्याने पत्करले. शास्त्रग्रंथ होते तसेच ठेवून राजपुत्रांना त्यांच्या योग्यतेला चढविणे हा एक मार्ग होता. विष्णुशर्म्याने दुसरा मार्ग धरला. त्याने ग्रंथच बदलला. शास्त्रात अधिकारी ग्रंथाला पात्र असावा लागतो. येथे ग्रंथ वाचकाला पात्र झाला. या उलटापालटीतून जे निपजले ते शास्त्राचे पातळ केलेले रूप नव्हते, ती जगातील एक थोर कथाकृती होती. सोपे करण्याचे काम प्रतिभेचे असू शकते, याचा याहून भक्कम पुरावा शोधण्याचे कारण नाही.

मराठीच्या मुद्रणेतिहासाचा आरंभही याच जातीच्या उद्योगाने झालेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, महाराष्ट्रापासून दूर तंजावर येथे, सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापाच्या कथा 'बाळबोधमुक्तावली' या नावाने मराठीत उतरल्या. यातील 'बाळबोध' या शब्दाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. मोडीहून निराळी, पोरासोरांनाही कळावी अशी लिपी ती बाळबोध. देवनागरीला मराठी माणसाने दिलेले हे नाव गौरवाचे होते. आज समीक्षेत एखाद्या कादंबरीला 'बाळबोध' म्हटले की तिचा निकाल लागतो. मुलाला कळेल असे लिहिणे ही सिद्धी न मानता उणीव मानण्याची जी वृत्ती समीक्षेत मुरली, तिची साक्ष हा एक शब्द देतो.

२

समीक्षेने मोकळी सोडलेली जागा मापनशास्त्राने भरून काढली, आणि ती प्रामुख्याने अमेरिकेत. एमेट बेट्स यांनी १९४६ साली वाचनाच्या तीन अवस्था वेगळ्या केल्या. मूल जे पुस्तक एकट्याने, शंभर शब्दांत फार तर एखादा शब्द अडून, वाचू शकते ते स्वतंत्र वाचनाचे. जेथे शंभरात सुमारे पाच शब्द अडतात ते शिक्षकाच्या साह्याने वाचावयाचे. आणि जेथे दहाहून अधिक अडतात ते त्या मुलाला त्या घडीला केवळ नाउमेद करणारे. दोन वर्षांनी, १९४८ साली, रुडॉल्फ फ्लेश यांनी वाक्याची लांबी आणि शब्दांतील उच्चारावयव मोजून सुगमतेचे सूत्र मांडले. त्याच वर्षी एडगर डेल आणि जीन चाल यांनी मुलांना परिचित असलेल्या शब्दांच्या यादीचा आधार घेतला. पुढे १९९६ मध्ये आयरीन फाउंटस आणि गे सू पिनेल यांच्या ग्रंथाने इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांच्या क्रमाने पुस्तकांच्या पायऱ्या लावण्याची पद्धत शाळाशाळांतून पोचविली. वर्गातील साधी युक्ती म्हणून 'पाच बोटांचा नियम' याच परिसरात रुळला: मुलाने पुस्तकाचे मधले एखादे पान उघडून वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, पान संपण्यापूर्वी मूठ वळली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे.

या प्रयत्नांची थट्टा करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांच्या मुळाशी एक सत्य आहे. जे मूल प्रत्येक ओळीत ठेचाळते त्याला वाचनात अर्थ लागत नाही, अर्थ लागत नाही म्हणून गोडी लागत नाही, आणि गोडी लागत नाही म्हणून ते वाचत नाही. हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावे लागते, आणि ते तोडण्याचे स्थान पुस्तकाची निवड हेच होय. बेट्स यांची तीन अवस्थांची कल्पना तर समीक्षकालाही उपयोगी पडावी अशी आहे. कारण काठिण्य हा पुस्तकाचा स्वभाव नसून पुस्तक आणि विशिष्ट वाचक यांतील नाते आहे, हे तिच्यात गर्भित आहे.

बिघाड होतो तो हे नाते विसरून पायरीचा शिक्का आधी पुस्तकावर आणि मग मुलावर मारला जातो तेव्हा. मुले एकमेकांना आपापल्या पायरीच्या नावाने ओळखू लागतात. आवडलेले पुस्तक 'वरच्या' पायरीचे म्हणून त्यांच्या हातून काढून घेतले जाते. फाउंटस आणि पिनेल यांनाच पुढे स्पष्ट सांगावे लागले की, पायरी हे शिक्षकाच्या हातचे साधन आहे, मुलाच्या अंगावर लावण्याची चिठ्ठी नव्हे. मराठीत या विपर्यासाला एक जुना शब्द आधीच तयार आहे. 'इयत्ता' या संस्कृत शब्दाचा अर्थ 'इतकेपण', म्हणजे मोजून ठरविलेली मर्यादा. शाळेने तो वर्गाला दिला. आणि मूल तिसरीत असते असे न म्हणता मूल म्हणजेच तिसरी, असा व्यवहार सुरू झाला.

३

मापनाची ही साधने मराठीत आणताना आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती अगदी भाषेच्या मुळाशी आहे. इंग्रजीत शब्दाची लांबी हे काठिण्याचे ढोबळ गमक मानता येते, कारण तेथे लांब शब्द बहुधा परभाषेतून आलेले आणि पुस्तकी असतात. मराठीत शब्द प्रत्ययांनी व शब्दयोगी अव्ययांनी लांबतो. 'आजोबांबरोबर' हा सात अक्षरांचा शब्द तीन वर्षांचे मूल सहज बोलते. 'ऋण', 'मर्म', 'तत्त्व' हे दोन-दोन अक्षरांचे शब्द चौथीच्या मुलालाही थांबवितात. अक्षरे मोजणाऱ्या सूत्राने पाहिले तर आजोबा कठीण आणि तत्त्व सोपे ठरेल.

मराठीत काठिण्याचे खरे स्थान शब्दाच्या लांबीत नसून लेखनाच्या घडणीत आहे. स्वरचिन्हे अक्षराच्या पुढे, मागे, वर आणि खाली अशी चहूकडे लागतात. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारावी लागते. एकट्या 'र'ने किती रूपे घ्यावीत? 'सूर्य' मध्ये तो माथ्यावर चढतो, 'क्रम' मध्ये पोटात शिरतो, 'राष्ट्र' मध्ये पायाशी बसतो आणि 'पायऱ्या' मध्ये आणखी निराळा होतो. म्हणून प्राथमिक पुस्तके लिहिणाऱ्यांनी जोडाक्षरे टाळण्याचा मार्ग पत्करला. तो वरवर बिनतोड दिसतो. पण त्याची किंमत भाषेला चुकवावी लागते. जोडाक्षर वर्ज्य केले की 'आम्ही' गेले, 'तुम्ही' गेले, 'माझ्या' आणि 'त्याला' गेले. एवढेच नव्हे, तर 'गोष्ट' हा शब्दच लिहिता येत नाही. उरते ते 'बबन, नळ धर. मगन, घर बघ' अशा धर्तीचे गद्य. ही आज्ञार्थी भाषा महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात कोणी बोलत नाही. लिपीच्या दृष्टीने ती पहिली पायरी आहे खरी, पण त्या पायरीवर उभे राहून मुलाला दिसत काहीच नाही. वाचता येणे म्हणजे कोणी न बोललेली वाक्ये मोठ्याने म्हणता येणे, एवढाच बोध त्यातून त्याला होतो.

हीच समस्या बंगालीने दोनदा सोडविली, आणि त्या दोन उत्तरांतील अंतर समीक्षकाने अभ्यासावे असे आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या १८५५ च्या 'वर्णपरिचय' या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जोडाक्षरे नाहीत, दुसऱ्यात ती क्रमाने येतात. लिपीची अशी शिस्तबद्ध उतरंड लावणे हे त्या काळी मोठेच कार्य होते. परंतु त्या उतरंडीवरून जे मुलाकडे येते ते मुख्यतः नीतीचे: आज्ञाधारक गोपाळ आणि उनाड राखाल. पंच्याहत्तर वर्षांनी, १९३० मध्ये, रवींद्रनाथांचे 'सहज पाठ' प्रसिद्ध झाले. लिपीचा क्रम त्यांनीही सांभाळला. दुसऱ्या भागात जोडाक्षरांचा सराव आहेच. पण अक्षरांना त्यांनी लय दिली, गावातला बाजार, नदी आणि पाऊस दिला, आणि नंदलाल बोस यांची चित्रे दिली. प्राथमिक पुस्तकातील एका यमकाने आपल्याला काव्याचा पहिला स्पर्श कसा झाला हे 'जीवनस्मृति'त नमूद करणारा कवी स्वतः प्राथमिक पुस्तक लिहावयास बसला, तेव्हा त्याला ठाऊक होते की मुलाच्या लेखी पहिले पुस्तक हे वाङ्मयाच्या अलीकडचे काही नसते. ते वाङ्मयच असते, किंवा मग वाङ्मयाविषयीचा पहिला अपेक्षाभंग असतो.

मराठीतही ही जाणीव अगदीच नव्हती असे नाही. आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने क्रमिक पुस्तक वाङ्मयीन वाचनाच्या जवळ आणले, हे सर्वमान्य आहे. परंतु त्या प्रयत्नाची चिकित्सा शिक्षणाच्या इतिहासात झाली. वाङ्मयाच्या इतिहासात तिला हक्काचे प्रकरण मिळाले नाही.

४

लिपी आणि भाषा यांच्या पलीकडे तिसरी गोष्ट आहे ती अनुभवाची. पुस्तकाची पायरी या तीन अंगांनी पाहावी लागते आणि ही तीन अंगे एकाच गतीने चढत नाहीत. येथेच मोजणी संपते आणि समीक्षेला आरंभ होतो.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' घ्यावे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाचे गद्य सरळ आहे, वाक्ये आटोपशीर आहेत, शब्द बहुतेक घरगुती आहेत. शब्दसंख्येच्या कोणत्याही निकषाने ते लहान मुलांच्या कपाटात बसेल, आणि पिढ्यान्पिढ्या बसलेही आहे. तथापि त्यातील बेचाळीस रात्रींचा निवेदक हा मोठा झालेला श्याम आहे. आई गेल्यानंतरच्या पश्चात्तापातून आणि कृतज्ञतेतून तो मागे पाहतो. दारिद्र्य, कर्ज, घराण्याचा उतार आणि मृत्यू यांचा जो करुण सूर त्या स्मरणाला आहे, तो आठ वर्षांच्या मुलाला ऐकू येतो, पण त्याचा उगम दिसत नाही. आईच्या मांडीवर डोके ठेवून ऐकताना हेच पुस्तक त्याला जवळचे होते. एकट्याने वाचताना ते त्याला केवळ रडवू शकते. लिपीची पायरी खालची, अनुभवाची पायरी वरची, असा हा ग्रंथ आहे. त्याला 'सोपा' म्हणणारी आणि 'भाबडा' म्हणणारी समीक्षा एकच चूक दोन बाजूंनी करते.

याच्या नेमके उलट उदाहरण विंदा करंदीकरांच्या बालकवितेचे. 'राणीची बाग' (१९६१) पासून 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' (१९८१) पर्यंत आणि त्याही पुढे या कवितेने मुलांना जे दिले, त्यात परिचित शब्दांच्या यादीला न जुमानणे हा भाग फार मोठा आहे. तेथे शब्द वाकवले जातात, नावे उलटीपालटी होतात, भुते बिऱ्हाड थाटून राहतात. यादी घेऊन बसलेल्या परीक्षकाने यांतील अनेक कविता 'अपरिचित शब्दांमुळे' वरच्या इयत्तेत ढकलल्या असत्या. प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांचे मूल त्या ओठांवर खेळविते, कारण त्या शब्दांचा अर्थ त्यांच्या नादात आहे आणि नादाचा अधिकार मुलाला जन्मतःच असतो. न कळलेला शब्द आणि अडलेला शब्द या दोन निराळ्या वस्तू आहेत. न कळलेला शब्द मुलाला पुढे ओढू शकतो. अडलेला शब्द त्याला थांबवितो. पाच बोटांच्या नियमाला हा भेद दिसत नाही. तो पाहण्यासाठी कान लागतो.

तिन्ही अंगांचा तोल साधल्याची उदाहरणे मराठीत आहेत, आणि त्यांत माधुरी पुरंदरे यांचे कार्य अग्रगण्य आहे. प्रौढ वाचकांना फ्रेंच साहित्याच्या अनुवादांमुळे परिचित असलेल्या या लेखिकेने 'राधाचं घर' आणि 'यश' या मालांत फारच थोड्या शब्दांत घर उभे केले. त्यांतील आजी, आजोबा, काका ही माणसे गुणांची प्रतीके नाहीत; त्यांना सवयी आहेत, लहरी आहेत. वाक्य लहान आहे, पण ते बोललेले वाक्य आहे. प्रमाणभाषेच्या आत राहून अनुस्वारान्त बोलरूपे त्यांनी निःशंकपणे वापरली, त्यामुळे मुलाच्या कानातली भाषा आणि डोळ्यांपुढची भाषा यांतील दरी कमी झाली. शब्दांनी जे सांगायचे नाही ते चित्र सांगते. त्यांच्या 'वाचू आनंदे' या संकलनाची रचनाही याच दृष्टीने बोलकी आहे. त्याचे बालगट आणि कुमारगट असे प्रत्येकी दोन भाग आहेत. इयत्ता न सांगता वयाचा एक सैल पट्टा तेवढा सांगितला आहे, आणि त्या पट्ट्यात मराठीतील चांगल्या लेखकांचे वेचे ठेवले आहेत. मुलाने कोठूनही उघडावे, जमेल तेथे थांबावे, न जमेल ते पुढच्या वर्षासाठी ठेवावे, अशी ही मांडणी आहे. २०१४ मध्ये साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार पुरंदरे यांना समग्र योगदानासाठी मिळाला. गौरव झाला, परंतु या गद्यातील वाक्यरचनेचा, त्यातील मौनाचा, चित्र आणि शब्द यांच्या वाटणीचा जो सूक्ष्म अभ्यास व्हावयास हवा, तो अद्याप मोजकाच आहे.

हिंदीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २००८ मध्ये काढलेली 'बरखा' ही मालाही येथे स्मरावी. चाळीस लहान पुस्तके, चार पायऱ्या, पाच विषय. तिचे वैशिष्ट्य हे की, पायरी चढताना मुलाला ओळखीचे सवंगडी पुन्हा भेटत राहतात. 'फूली रोटी' या पुस्तकात तव्यावरची रोटी फुगणे एवढीच घटना आहे. पण ती मुलाच्या दृष्टीने खरोखरच घटना आहे. तीत वाट पाहणे आहे आणि फलप्राप्ती आहे. कथानकाची ॲरिस्टॉटलप्रणीत अंगे एवढ्याशा जागेत मावतात, हे पाहून समीक्षकाने आनंदित व्हावे.

५

बहुभाषिक देशात या प्रश्नाला अनुवादाचे आणखी एक परिमाण आहे. प्रथम बुक्स या २००४ साली स्थापन झालेल्या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीविव्हर' हे मुक्त ग्रंथभांडार सुरू केले आणि त्यातील कथा एका भाषेतून दुसरीत विनामूल्य नेण्याची वाट मोकळी केली. तेथे चार पायऱ्या आहेत: पहिली अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारांपर्यंत, चौथी त्यापुढे. लहान भाषांतील मुलांच्या हाती यामुळे प्रथमच आपल्या भाषेतील पुस्तक पडले, हे उपकार मोठे आहेत. मात्र कथा भाषांतरित होते तेव्हा तिच्याबरोबर तिची पायरी आपोआप भाषांतरित होत नाही.

हिंदीतील 'उसने रोटी बेली' असे एखादे साधे वाक्य घ्यावे. त्यात एकही जोडाक्षर नाही. मराठीत पहिल्याच शब्दाला अनुवादक अडतो: 'त्याने' की 'तिने'? हिंदीचे सर्वनाम स्त्री-पुरुष भेद झाकून ठेवते, मराठीचे तो उघड करते. आणि 'त्याने' लिहावे तर जोडाक्षर येते. पुढे 'रोटी'. तिला पोळी म्हणावे, चपाती म्हणावे की भाकरी? प्रत्येक शब्दाबरोबर एक प्रदेश, एक धान्य आणि एक सामाजिक थर मुलापुढे येतो. पोळी म्हणणाऱ्या घरातील मुलाला जे पुस्तक आपले वाटते, तेच भाकरीच्या घरातील मुलाला परके वाटू शकते, आणि परकेपण हेही एक काठिण्यच आहे. उलट, रोटी फुगण्याच्या क्षणी मराठीजवळ 'टम्म' हा शब्द आहे. त्यात जोडाक्षर असूनही तो मुलाला अडत नाही. एकदा ऐकला की तो डोळ्यांनी ओळखता येतो. टुणकन, धाडकन, सळसळ, चुळबुळ अशा नादशब्दांची मराठीतील श्रीमंती अनुवादकाने प्राथमिक पुस्तकात मुक्तहस्ते खर्चावी. तात्पर्य, बारा ओळींच्या कथेचा अनुवाद हा कवितेच्या अनुवादाइतकाच जोखमीचा आहे. आणि तो कोणाकडूनही, कसाही करून घेता येतो ही समजूत अनुवादकलेचा अवमान करणारी आहे.

'मराठी वाचणारे मूल' ही एकजिनसी कल्पनाही येथे सोडावी लागते. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील माडिया वा गोंडी, नंदुरबारकडील भिली बोलणारे मूल शाळेत मराठीच्या रूपाने दुसरी भाषाच शिकत असते. खानदेशातील अहिराणीच्या मुलालाही प्रमाण मराठीचे प्रत्यय नवे असतात. गोव्यात घरी कोकणी बोलणारे मूल मराठी प्राथमिक शाळेत जाते. बेळगाव, इंदूर, बडोदे येथील मराठी घरांतील मुलांभोवती अनुक्रमे कन्नड, हिंदी, गुजराती यांचे वातावरण असते. या सर्वांच्या हाती 'पायरी पहिली' असे छापलेले एकच पुस्तक दिले, तर ते कोणाची पहिली पायरी असेल आणि कोणाची चौथी. पुस्तकावर छापलेला आकडा हे दाखवू शकत नाही. ते मुलाशेजारी बसलेल्या माणसालाच कळते.

६

या चर्चेत एक मूल सतत नजरेआड राहते, आणि प्रश्नाची खरी कसोटी तेच आहे. 'असर' या वार्षिक पाहणीनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. महामारीनंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर घसरली. २०२४ मध्ये ४८.७ टक्क्यांवर आली. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्यांहून थोडी अधिक अशी आहेत की, ज्यांच्यासाठी 'योग्य पातळीचे' पुस्तक म्हणून सात वर्षांच्या मुलाचे पुस्तक पुढे केले जाते. त्यात मनीमाऊ असते, फुगेवाला असतो. हे मूल शेतावर काम करते, धाकट्या भावंडाला सांभाळते, बाजारात हिशेब ठेवते. त्याचा अनुभव पाचवीच्याही पुढे गेलेला आहे आणि त्याचे वाचन तेवढे दुसरीच्या मागे अडकले आहे. त्याच्या हाती मनीमाऊचे पुस्तक ठेवणे हे मापनाच्या दृष्टीने बिनचूक, पण माणूस म्हणून अपमानास्पद आहे. ते मूल पुस्तक मिटते तेव्हा त्याला वाचनाचा कंटाळा असतो असे नाही. पुष्कळदा त्याने आपला स्वाभिमान राखलेला असतो.

या मुलाला हवे आहे असे पुस्तक की ज्याची लिपी सोपी, भाषा बोलती आणि अनुभव भरगच्च आहे. असे पुस्तक लिहिणे ही वाङ्मयातील अत्यंत अवघड गोष्टींपैकी एक आहे, कारण त्यात अल्पाक्षरत्व हवे आणि पोरकटपणा मात्र नको. मराठीत ते अगदी थोडे आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने असंख्य मुलांना आपल्या वाचनशक्तीच्या पलीकडे ओढून नेले, ही गोष्ट येथे मार्गदर्शक आहे. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या या अनुवादकाला ठाऊक होते की, फुरसुंगीच्या पोराची सायकल वेगात निघाली की वाचक अडलेले शब्द मागे टाकून तिच्यामागे धावतो. कुतूहल काठिण्याला ओलांडते. पण ही धाव घेण्याइतके बळ ज्याच्यात अजून आले नाही, त्याच्यासाठी त्याच वेगाचे, त्याच प्रतिष्ठेचे आणि निम्म्याहून कमी शब्दांचे लेखन हवे. ते कोणी लिहिले तर त्याची दखल घेणारी समीक्षा आज आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

निवडीच्या बाबतीत मात्र मार्ग अज्ञात नाहीत. गिजुभाई बधेका यांनी १९३२ च्या 'दिवास्वप्न'मधील शिक्षकाला आधी गोष्टी सांगावयास आणि वर्गासाठी लहानसे ग्रंथालय उभारावयास लावले. वाचनाची परीक्षा त्यांनी मागाहून ठेवली. ऐकण्याची पायरी वाचण्याच्या पायरीहून नेहमीच वर असते, हे त्यात गृहीत आहे. म्हणूनच एकट्याने वाचण्याचे, कोणाच्या सोबतीने वाचण्याचे आणि केवळ ऐकण्याचे अशी तीन पुस्तके एकाच मुलाजवळ एकाच वेळी असू शकतात, नव्हे असावीत. शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसरे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते आणि तिसरे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे. ही दोन सूत्रे एकत्र वाचली म्हणजे पायऱ्यांचा सारा खटाटोप कशासाठी हे उमगते. 'बालभारती'चे 'किशोर' १९७१ पासून आणि भोपाळच्या एकलव्य संस्थेचे 'चकमक' १९८५ पासून हेच निराळ्या रीतीने साधत आले. मासिकाच्या एका अंकात कोडे असते, कविता असते, चित्रकथा असते आणि दीर्घ कथाही असते. कोडे सोडविणारे मूल आणि कथा वाचणारे मूल एकच अंक हाती धरून शेजारी बसतात. कोणाच्याही कपाळी पायरी दिसत नाही, आणि निवड मात्र प्रत्येकाची स्वतःची असते.

शिक्षकाने पायरी ओळखावी. ती मुलाला ऐकवू नये. ग्रंथपालाने पुस्तके पसरून ठेवावीत; ती कुलपात क्रमाने लावू नयेत. मुलाला पान उघडून पाहण्याची, चुकीचे पुस्तक उचलण्याची आणि अर्ध्यावर सोडण्याची मुभा असावी, कारण नापसंतीतूनच रुची घडते. हे सारे शाळेने करावयाचे. समीक्षेने करावयाचे ते एवढेच की, चोवीस पानांच्या पुस्तकाची परीक्षा कादंबरीच्या गांभीर्याने करावी. त्याची लिपी, भाषा आणि अनुभव यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या दाखवाव्यात. आणि जेथे सोपेपण कमावलेले आहे तेथे ते ओळखून त्याचे श्रेय लेखकाला व अनुवादकाला द्यावे. 'बाळबोध' या शब्दाला त्याचा पूर्वीचा मान परत मिळाला, तर अकराव्या वर्षी अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी लिहावयास एखादा समर्थ लेखक पुढे येण्याचा संभव आहे. आज तो येत नाही, कारण तेथे त्याचे काम पाहणारे कोणी नाही, हे त्याला ठाऊक आहे.